झांजांचा ट्रॅक

आमची गाणी लांब होती. एकेक गाणं पंधरा मिनिटांचं, मध्येच ताल बदलणारं, सात मात्रांवरून पाचांवर येणारं, आणि शब्द म्हणाल तर जेमतेम चार ओळी. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे मला बँडमध्ये शिरल्यावर कळलं. मी तळवलीचा. हळदीला बेंजो पार्टीत वाजवायचो. नाचणाऱ्याचा पाय चुकता कामा नये, एवढीच माझी तालाची समज. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी कॅन्टीनमध्ये एक मुलगा टेबलावर बोटांनी सात मात्रा वाजवत बसला होता. मी समोर बसलो आणि त्या उचलल्या. त्याने मान वर करून बघितलं. तिथून सुरू झालं.

तो मूळचा साताऱ्याकडचा. वडिलांनी कामोठ्याला फ्लॅट घेतला होता, तेव्हा तिथल्या निम्म्या इमारतींना प्लास्टरही झालेलं नव्हतं. गिटार तो वाजवायचा, गायचाही तोच, आणि गाणी सगळी त्याचीच. कीबोर्डला वाशीची एक मुलगी आली. ड्रम्सवर मी. आम्ही तिघंच. आमच्या घरामागे भात साठवायची खोली होती. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तशी ती रिकामी पडली होती. माझ्या वडिलांनी ती आम्हाला दिली. त्याच्या काकांनी आखातातून आणलेलं चार ट्रॅकचं कॅसेट मशीन होतं, त्यावर आम्ही तीन वर्षं रेकॉर्डिंग केलं. एक ट्रॅक गिटारचा, एक कीबोर्डचा, एक आवाजाचा आणि ढोलांचा मिळून, आणि चौथ्यावर माझ्या डोक्यावर टांगलेला माइक. त्या चौथ्यावर मुख्यतः सिंबल यायचे. सिंबल म्हणजे आपली झांजच, फक्त मोठी आणि काठीने वाजवायची. आम्ही त्याला झांजांचा ट्रॅक म्हणायचो. माझी आई दारात उभी राहून ऐकायची आणि म्हणायची, "यो काय गाना हाय, नाचाला पन येत नाय."

बँड मोठा झाला नाही. कॉलेजांच्या फेस्टिवलमध्ये वाजवलं, एकदा तर लोकांनी गाणं संपायच्या आधीच टाळ्या वाजवून आम्हाला खाली उतरवलं. नंतर कीबोर्डवाली लग्न करून कॅनडाला गेली. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावर टाइल्सचं दुकान टाकलं. तो ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये लागला आणि पुढे तिथेच नव्या पोरांना फोनवर बोलायचं कसं ते शिकवायला लागला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. वहिनी कामोठ्याच्याच एका शाळेत शिकवतात. गिटार त्याने सोडली नाही. मी मात्र हळदींपुरता उरलो.

काही वर्षांपूर्वी त्याला पुण्याहून एका माणसाचा फोन आला. विसरल्या गेलेल्या बँडांची गाणी शोधून त्यांच्या रेकॉर्ड काढायच्या, हा त्या माणसाचा उद्योग. आमच्या एका कॅसेटची कॉपी कुठून तरी इंटरनेटवर गेली होती, ती त्याने ऐकली होती. त्याला आमच्या त्या पहिल्या तीन वर्षांतलं निवडक काम एकत्र करून खरीखुरी काळी तबकडी काढायची होती. मूळ कॅसेट आहेत का, असं त्याने विचारलं. त्या होत्या. माझ्या मित्राने प्रत्येकीला मिठाईच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवलं होतं.

हा फोन आला तेव्हा तो आजारी होता. आधी साधा टीबी झाला होता, औषधं घेऊन बरा झाला, पण दोनेक वर्षांत उलटला. या खेपेला बिघडलेला टीबी निघाला, म्हणजे ज्यावर नेहमीची औषधं चालत नाहीत तो. गोळ्यांची मूठ आणि त्याशिवाय रोज एक इंजेक्शन. कामोठ्यातल्या सरकारी दवाखान्यात तो रोज सकाळी चालत जायचा, ते घ्यायचा आणि चालत परत यायचा. वजन इतकं उतरलं होतं की मनगटावर घड्याळ फिरायचं. मुलीला कराडला तिच्या मामाकडे ठेवलं होतं. तिला तिकडे नेलं तेव्हा तो स्टॅण्डपर्यंतसुद्धा गेला नाही. गॅलरीतून बघत राहिला आणि खोकला आवरत राहिला.

त्यामुळे पुण्याचं काम आलं ते आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं. घरी बसून करता येण्यासारखं होतं. नोकरीवरून सुट्टी होतीच. त्याने ते जुनं मशीन दुरुस्त करून घेतलं आणि चारही ट्रॅक वेगवेगळे कॉम्प्युटरवर उतरवायला लागला. दर रविवारी मी तळवलीहून बाइकने जायचो. वहिनी दोन्ही खिडक्या उघड्या ठेवायच्या, पंखा माझ्या पाठीमागे लावायच्या म्हणजे वारा माझ्याकडून त्याच्याकडे जाईल. तो मास्क लावून बसायचा. अशा घरात किती वेळ बसायचं याची माझ्या बायकोला धास्ती होती, आणि खरं तर मलाही होती. पण गाणी लागली की ती विसरायला व्हायचं.

सुरुवातीचे रविवार चांगले गेले. मग तो टेपबद्दल तक्रार करायला लागला. म्हणाला, टेप जुनी झाली की सगळ्यात आधी बारीक, टोकदार आवाज झडतात, तेच झालंय, झांजा गेल्यात. त्याने मशीनचं हेड साफ केलं, मग बदललं. मग एक कॅसेट पुण्याला पाठवली. पुण्याच्या माणसाने ती तपासून कळवलं की टेप उत्तम आहे, एवढी चांगली टिकलेली टेप मी फार कमी बघितलीय. त्यावर हा वैतागला. त्या माणसाला ऐकू येत नाही, नुसता व्यापारी आहे, असं मला फोनवर म्हणाला.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा त्याने मला समोर बसवलं, फक्त चौथा ट्रॅक लावला आणि म्हणाला, "बघ. नुसती खरखर उरलीय."

मी ऐकलं. माझ्याच हातची झांज होती, विशीतल्या हाताची, थोडी घाई करणारी. मागे ढोल दबका येत होता, पण झांज ठणठणीत होती.

"आहे की," मी म्हणालो. "मला ऐकू येतेय."

त्याने आवाज वाढवला. माझ्या कानात काटा गेल्यासारखं झालं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याने विचारलं, कुठे. जिथे जिथे झांजेवर काठी पडत होती तिथे तिथे मी टेबलावर बोट आपटायला लागलो. तो माझ्या बोटाकडे बघत राहिला. सात मात्रांचं आवर्तन होतं, त्याला ते माझ्याहून पाठ होतं, बोट कुठे पडणार हे त्याला आधीच माहीत होतं. माझं बोट बरोबर जागी पडत होतं आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. एक गाणंभर आम्ही तसेच बसलो. मग त्याने मशीन बंद केलं.

तेव्हा तो सांगायला लागला. महिनाभर कानात आवाज येत होता, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ कोंडते तसा. त्याला वाटलं अशक्तपणा असेल. दारावरची बेल ऐकू येत नव्हती, त्याला वाटलं बिघडलीय. मोबाइलची रिंग त्याने दोनदा बदलली होती. वहिनी दोरीवर कपडे घालत होत्या, त्या आत आल्या आणि ओले हात तसेच धरून दारात उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, उद्याच डॉक्टरांकडे जायचं.

कानाची तपासणी झाली. मी बरोबर होतो. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे, जाड आवाजांपाशी, बरी होती, उजवीकडे बारीक आवाजांकडे जाताना कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. हे इंजेक्शनमुळे होतं, त्या म्हणाल्या, सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतं त्यांचं गेलेलं परत येत नाही, आणि इंजेक्शन चालू ठेवलं तर बाकीचंही जाऊ शकतं. मग त्यांनी छातीचा एक्स-रे लावला. दोन्ही फुफ्फुसांत पोकळ्या होत्या. या टीबीवर चालणारी औषधं थोडीच आहेत, त्यांतलं हे जोरकस आहे, ते काढलं तर बाकीच्यांवर किती भरवसा ठेवायचा ते मी सांगू शकत नाही. तुम्ही घरी बोला आणि ठरवा, असं म्हणाल्या.

त्याने तिथेच ठरवलं. दोन महिने इंजेक्शन थांबवा, म्हणाला. तेवढ्यात रेकॉर्डचं काम उरकतो, मग पुन्हा चालू करू. बाई म्हणाल्या की तसं मधेच थांबवून पुन्हा चालू करता येत नाही, त्याने रोग आणखी हट्टी होतो. वहिनींनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. रिक्षा करून तिघं कामोठ्याला परत आलो.

दुसऱ्या दिवशी तो इंजेक्शनला गेला नाही. संध्याकाळी वहिनींचा दुकानात फोन आला. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला बाथरूमच्या टाइल्स दाखवता दाखवता मी बाहेर आलो.

"भाऊजी, मला बहिरा नवरा चालेल," त्या म्हणाल्या. "पण हे मी सांगून उपयोग नाही. माझं ऐकलं तर जन्मभर माझ्यामुळे कान गेले असं ह्यांना वाटत राहील. तुम्ही सांगा. तुमच्यावर रागावले तरी चालेल."

मी दुकान तसंच नोकरांवर सोडून निघालो. तो गच्चीवर पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत बसला होता. मी येणार हे त्याला माहीत होतं. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, की मी फक्त दोन महिने मागतोय. मग म्हणाला, तुझ्यावर आली असती तर? जगायला हात द्यावे लागले असते तर?

दिले असते, मी म्हणालो.

"खोटं बोलू नकोस."

ते खोटंच होतं, म्हणजे मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. पुढे काय बोलायचं ते येताना रस्त्यात ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. शेवटी जे तोंडात आलं ते बोललो. "तू मेलास तर माझ्याबरोबर वाजवायला कुणी राहणार नाही. बहिरा झालास तरी राहणार नाही. मग निदान तू तरी राहा."

तो टाकीतून गळणाऱ्या पाण्याकडे बघत होता. ते टपटपणं त्याला ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. मग, तुझ्या वहिनीला तूच जाऊन सांग, असं म्हणाला. सकाळी तो दवाखान्यात गेला.

त्यानंतर कामाला घाई आली. कान शाबूत आहेत तोवर सगळी गाणी नीट करून घ्यायची असं त्याने ठरवलं. चार ट्रॅक वेगळे होते, त्यामुळे कुठला वर, कुठला खाली हे नव्याने ठरवता येत होतं. आणि तिथेच आमचं भांडण झालं. त्याला झांज ऐकू येत नव्हती म्हणून तो ती वर ढकलायचा, आणखी वर. मला ऐकवत नव्हतं. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटायचं. मी खाली घ्यायचो, तो पुन्हा वर घ्यायचा. एका रविवारी मी सांगितलं की असं बाहेर गेलं तर लोक दोन मिनिटांत बंद करतील.

"गाणं माझं आहे," तो म्हणाला.

"झांज माझी आहे," मी म्हणालो.

मग तो जे बोलला ते इथे लिहीत नाही. आजारी माणूस होता. मीही बोललो, आणि मी तर आजारी नव्हतो. वहिनींनी उठून दार लावून घेतलं, शेजाऱ्यांसाठी. नंतरचे दोन रविवार मी गेलो नाही.

मधल्या काळात त्याने कॅनडाला फोन लावला. कीबोर्डवालीला त्याने माझी तक्रार सांगितली असणार. फोनवर तिचा आवाज त्याला धड कळत नव्हता, म्हणून तिने नंतर लिहून पाठवलं. तो मेसेज त्याने मला पुढे पाठवला, स्वतःचं एक अक्षर न घालता. तिचं म्हणणं असं की कुणीच हात लावू नका. तेव्हा रेकॉर्डिंग झालं त्याच आठवड्यात आपण चारही ट्रॅक मिळून एक साधी कॅसेट करायचो. तेव्हा तिघांचे कान धड होते आणि तिघांना ते पटलं होतं. तेच जाऊ दे, खरखरीसकट.

मी गेलो. भांडणाविषयी तोही बोलला नाही, मीही नाही. त्या साध्या कॅसेट काढल्या. आता नुसती निवड आणि क्रम राहिला, आणि त्याला कानांची गरज नव्हती, त्याच्या डोक्यात सगळं होतं. कुठल्या गाण्याचा शेवट कुठल्या पट्टीत होतो, त्यानंतर काय आलं तर खड्डा पडेल, हे तो बोटांवर मोजत सांगायचा आणि मी लावून बघायचो. एकदाही चुकला नाही. एका गाण्याच्या शेवटी, गिटार विरत असताना, बाहेरून माझ्या वडिलांचा आवाज आला होता, "बास करा रं पोरांनो, जेवाला चला." वडील जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. पुण्याचा माणूस ते कापायचं म्हणत होता. याने त्याला लिहून कळवलं की ते कापायचं असेल तर रेकॉर्ड काढू नकोस.

रेकॉर्डचं काम पुण्याला गेलं आणि इकडे उरलेले आवाज जायला लागले. वरून खाली, एकेक पायरी. एक दिवस त्याने मला सांगितलं की वहिनींचा आवाज आधी गेला, माझा अजून थोडा येतो, कारण माझा जाड आहे. हे त्याने त्यांच्यासमोरच सांगितलं. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नंतर माझाही गेला.

टीबी बरा झाला. थुंकी स्वच्छ आली, पोकळ्या भरल्या, वजन वाढलं. मुलगी कराडहून परत आली. जाण्याआधी ज्या बापाशी ती पाठमोरी बडबड करायची, त्याच्याशी आता तोंड समोर ठेवून, ओठ हलवत बोलायचं हे तिला शिकवावं लागलं. कंपनीने काही दिवस त्याला लिहिण्याच्या कामावर ठेवलं, पण जिथे सगळा धंदाच आवाजाचा तिथे तो किती काळ टिकणार. आता तो घरून इमारतींचे नकाशे काढून देतो, इंजिनीअरिंगचं शिक्षण शेवटी तिथे कामाला आलं. यंत्र लावून बघितलं कानाला. म्हणाला, सगळे डब्यात बसून बोलतायत असं वाटतं. ते यंत्र कपाटात आहे. गिटारीही कपाटावर होत्या, एके दिवशी दिसल्या नाहीत. मी विचारलं नाही.

रेकॉर्ड आली. पाठीवर आम्हा तिघांचा भाताच्या खोलीतला फोटो होता. त्याने ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, बारीक अक्षरांतला मजकूर पूर्ण वाचला आणि त्यात शुद्धलेखनाची एक चूक काढली. मग वहिनींना दिली. त्यांनी ती कागदात गुंडाळून वर ठेवली. त्या घरात ती कधी लागली नाही. पुण्याला ती सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा कार्यक्रम ठेवला होता, तिथे मी एकटा गेलो. तरुण पोरं होती, खुर्च्यांवर डोळे मिटून बसलेली. वडिलांचा आवाज आला तेव्हा काही जण हसले, चांगल्या अर्थाने. शेवटी एका मुलीने विचारलं, तुम्ही पुन्हा एकत्र वाजवणार का? गिटारवाल्याची तब्येत बरी नसते, एवढंच मी सांगितलं.

पुढच्या वर्षी, की त्याच्याही पुढच्या, एका रविवारी आम्ही कामोठ्यातल्या त्याच्या नेहमीच्या हॉटेलात चहाला बसलो होतो. त्याने मोबाइलवर एक बातमी काढून माझ्यापुढे ठेवली. बिघडलेल्या टीबीवर आता नव्या गोळ्या आल्या होत्या, सरकारी दवाखान्यांतूनही मिळणार होत्या, आणि ते इंजेक्शन बंद होणार होतं. कान वाचणार, असं बातमीत लिहिलं होतं. मी वाचून फोन परत दिला.

स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो आता मोठ्याने बोलतो. "थोडा थांबलो असतो तर," तो म्हणाला, आणि बाजूच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

मी माझ्या फोनवर लिहिलं, थांबला असतास तर मेला असतास. त्याच्यापुढे धरलं.

त्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. "माहितीये," तो म्हणाला, यावेळी हळू, किंवा त्याला हळू वाटलं असेल तसं. मग त्याने पोऱ्याला दोन बोटं दाखवली, आणखी दोन चहा. चहा येईपर्यंत आम्ही रस्त्याकडे बघत बसलो. रविवार होता, समोर मासळीवाल्या बसल्या होत्या, गिऱ्हाइकांशी त्यांची घासाघीस चालू होती, आणि सगळीकडून नुसता आवाज येत होता.